एका माणसाचा पाळणा

१

बपेऱ्याजवळ नदीकाठी पाणीपुरवठ्याची नवी विहीर बांधणं सुरू होतं. त्या विहिरीला एक खोड होती: ती कोणाचाही शब्द ठेवून घेत नसे. तळाशी उभं राहून काही बोललं की ते दोनदा परत येई, आधी स्पष्ट, मग जरा बोबडं. इश्वर कटरेला ही सोय फार आवडे. तो खाली उतरला की आधी नळ्यांचे सांधे तपासी, मग तेल पाही, आणि मग तोंड वर करून सुपरवायझर वीरेंद्रच्या नावानं एक झणझणीत शिवी हासडी. एका शिवीच्या मेहनतीत तीन शिव्या. असा सौदा तुमसरच्या बाजारातही मिळत नाही, असं तो म्हणे.

विहीर म्हणजे वावरातली विहीर डोळ्यांपुढे आणू नका. सात-आठ मजल्यांची गोल इमारत उलटी धरून जमिनीत खुपसावी, तसा तो सिमेंटचा पोकळ खांब होता. आतल्या भिंतीला काँक्रीटचं अस्तर मारायचं काम यंत्र करी. अंगानं लहान ट्रॅक्टरएवढं, चार पायांवर उभं, समोर लांब लोखंडी हात, आणि हाताच्या टोकातून ओल्या काँक्रीटचा फवारा. मजुरांनी त्याचं नाव सोंड्या ठेवलं होतं. सोंड्याच्या कपाळावर गरगर फिरणारा एक स्कॅनर होता. हाताच्या टप्प्यात माणूस आला की तो डोक्यावरचा दिवा लाल करी आणि हात जागच्या जागी थांबवी. माणूस दूर झाला की दिवा पुन्हा हिरवा. सोंड्याच्या पाठीमागे जमिनीवर पिवळा पट्टा मारला होता, त्याच्या मागे उभं राहिलं तर यंत्राची हरकत नसे.

अशा यंत्रांची दुखणी काढणं हा इश्वरचा धंदा. आज बपेरा, उद्या नाकाडोंगरीचं गोदाम, परवा आणखी कुठं. मोटरसायकल, औजारांची पिशवी आणि तोंड, या तीन भांडवलांवर त्याचं बरं चाललं होतं.

विहिरीत उतरायला वाट एकच, दोरावर वरखाली होणारा लोखंडी पिंजरा. मजूर त्याला पाळणा म्हणत. पाळणा एका माणसाचा. माणूस आणि त्याची पिशवी एवढंच वजन तो पेले. त्याहून जास्त झालं की भोंगा बोंबले आणि मोटर हलत नसे. भिंतीतली शिडी होती, पण अस्तराच्या आड येते म्हणून ती कधीच कापून टाकली होती.

२

पोळ्याच्या आदल्या दिवशी वीरेंद्रचा फोन आला.

"इश्वर, तुझा सोंड्या लाल दिवा लावून बसलाय. खाली चिटपाखरू नाही, अन् हा म्हणतो माणूस आहे. सकाळपासून एक थेंब मारला नाही त्यानं."

इश्वर पोचला आणि खाली जाऊन पाहतो तर कारण डोळ्यांसमोर. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचा खांदा कोमट पाण्यानं शेकतात, पळसाच्या पानानं लोणी-हळद चोळतात आणि त्याला उद्याच्या जेवणाचं आवतण देतात. वर्षभर ज्याच्या खांद्यावर खाल्लं, त्याचा तेवढा तरी मान. मजुरांनी गावाला निघायच्या आधी हाच मान सोंड्यालाही दिला होता. लोखंडी हाताच्या सांध्यावर हळदीचा लपका, आणि उत्साहाच्या भरात स्कॅनरच्या काचेवरही एक बोट.

इश्वरनं वॉकीटॉकीवर वर सांगितलं, "हिरालाल, डोळ्यात हळद घालून बसवला गा याले तुमी लोकायनं!"

हिरालाल हा पाळण्याची मोटर चालवणारा, बपेऱ्याचाच. तो वरून खदखदला. "बैलाच्या डोळ्यात गेली तर तो शिंग तरी मारते, इश्वरभाऊ. हा त मुकाच हाये."

इश्वरनं काच पुसली. दिवा लालच.

काच पुन्हा पुसली, कोरड्या फडक्यानं, मग ओल्या. भिंतीवरून पाणी झिरपत होतं, त्याची चमक लागत असेल म्हणून तिथं गोणपाट टांगलं. यंत्र बंद करून चालू केलं. लालच. मग त्यानं टॅब काढला. स्कॅनरला जे दिसतं ते टॅबवर ठिपक्यांत उमटतं: भिंतीचं गोल कडं, सोंड्याचे पाय, पट्ट्यामागे इश्वर स्वतः. आणि समोरच्या भिंतीला लागून आणखी एक ठिपक्यांचा पुंजका. माणसाच्या उंचीचा. उभा.

इश्वरनं मान वर करून पाहिलं. समोर ओली भिंत, दुसरं काही नाही.

असं होतं. वाफ असते, धूळ असते, काचेला केसभर तडा असतो. इश्वरनं अशी भुतं डझनानं पाहिली होती आणि सगळी फडक्यानं पुसली होती. तो पट्टा ओलांडून समोरच्या भिंतीशी गेला, पुंजका होता तिथंच उभा राहिला, आणि टॅब पाहिला. तिथं आता तो एकटाच होता. बरं वाटलं त्याला. मग त्याची नजर टॅबच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे गेली.

पट्ट्याच्या मागे, तो मघाशी उभा होता त्याच जागी, पुंजका उभा होता.

३

आता दुसरा कोणी असता तर पाळण्यात बसून वर निघून गेला असता. पण इश्वरचा स्वभाव असा, की भीती वाटली की त्याला थट्टा सुचे. मसणात न्या, तो लाकडांचा भाव विचारील.

"कोन हाये खाली, इश्वरभाऊ?" हिरालालनं विचारलं. "दिवा त अजून लालच हाये."

"पाहुणा हाये गा एक. लाजरा हाये, पुढं येत नाई."

सोंड्याच्या पायाशी मजुरांनी ठेवलेला पळसाच्या पानांचा द्रोण होता, तळाला थोडं लोणी-हळद उरलेलं. इश्वरनं त्यात बोट बुडवलं, पट्ट्यामागच्या रिकाम्या जागेपुढे गेला, खांदा असता तेवढ्या उंचीवर हवेत बोट फिरवलं, आणि गावच्या पाटलासारखा आवाज काढून म्हणाला,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या!"

वर हिरालाल हसता हसता खोकायला लागला. खाली दिवा हिरवा झाला. हात हलला, फवारा सुरू झाला, आणि ओलं काँक्रीट भिंतीवर थापथाप बसू लागलं.

इश्वरनं पिशवी आवरली. पाळण्यात चढला, वर आला, हिरालालच्या हातचा चहा प्यायला, आणि मोटरसायकलला किक मारताना त्याच्या ध्यानात आलं. विहिरीनं त्याचे ते शब्द परत दिले नव्हते. एकदाही नाही.

फवाऱ्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं त्यानं स्वतःला सांगितलं. फवारा नंतर सुरू झाला होता, हे मात्र त्यानं स्वतःला सांगितलं नाही.

४

पोळ्याच्या दिवशी इश्वरच्या घरी बैल नव्हते, पण शेजारची जोडी ओवाळून घ्यायला दारात येई. त्याची पोरगी टीना सकाळपासून नवा फ्रॉक घालून, तांब्यात पाणी भरून उंबऱ्यावर बसली होती. बैलांचे पाय धुवायचा मान यंदा तिचा होता.

तेवढ्यात वीरेंद्रचा फोन. "इश्वर, सोंड्याची नळी तुंबली. आतलं काँक्रीट जमलं तर लाखाची नळी फेकावी लागेल. अर्ध्या तासाचं काम आहे."

"आज पोळा हाये, साहेब."

"यंत्राला कसला पोळा?"

"बाबा, तुमी येईपर्यंत मी पाय नाई धूत बैलायचे," टीना म्हणाली. "जेवत बी नाई."

"आलोच गं, माय माझी. गेलो अन् आलो."

साइटवर शुकशुकाट होता. मजूर गावोगावी पोळ्याला गेलेले. वर मोटरीजवळ एकटा हिरालाल, पांढरं शुभ्र धोतर नेसून, कपाळाला गुलाल. त्याचं घर कुंपणापलीकडेच होतं. तिथून वडे तळल्याचा वास येत होता.

खाली सगळं ठीक होतं. दिवा हिरवा. इश्वरनं नळी खोलली, गोळा झालेलं काँक्रीट गजानं पाडलं, नळी धुतली. वीरेंद्रला शिवी दिली. ती दोनदा परत आली. इश्वरला इतकं हायसं वाटलं की त्यानं आणखी एक दिली.

मग पिशवी उचलून तो पाळण्यात चढला. त्याच्या पायाखाली पाळण्याचा पत्रा नेहमीसारखा दबला.

एका श्वासानं पुन्हा दबला.

आणि भोंगा बोंबलला.

५

"काय भाऊ, सकाळीच वडे हाणून आले काय?" वॉकीवर हिरालाल.

इश्वर हसला. पिशवी बाहेर ठेवली. भोंगा चालूच. तो स्वतः बाहेर आला. भोंगा बंद. पाळणा दोन बोटं वर उचलला गेला आणि दोराला लागून हलत राहिला.

वजनकाटा बिघडला, दुसरं काय. त्यानं नुसती पिशवी पाळण्यात ठेवली आणि वर घे म्हणाला. पाळणा मुकाट वर गेला, हिरालालनं पिशवी काढून घेतली.

"हिरालाल, आता तू आत उभा राहून पाह्य बरं."

"राह्यलो. नाई बोंबलत."

"उडी मार."

वरून पत्र्याचा धडधड आवाज आला. "मारली. काई नाई. काटा चांगला हाये, भाऊ."

पाळणा खाली आला. इश्वरनं बूट काढले, हेल्मेट काढलं, खिशातला मोबाइलही काढून ठेवला. तसंही खाली रेंज नव्हतीच. अनवाणी, हलक्या पावलानं, चोरानं स्वयंपाकघरात शिरावं तसा तो आत चढला. पत्रा दबला. तो श्वास धरून थांबला. काही नाही. त्यानं वॉकी तोंडाशी नेला, आणि तेवढ्यात पाठीमागून, कोणी फार अदबीनं, उशिरा आल्याची लाज वाटावी असं पाऊल टाकावं, तसा पत्रा पुन्हा दबला.

भोंगा.

बाहेर. शांतता. आत. एक श्वास. भोंगा. त्यानं उडी मारून आत जाऊन पाहिलं, बसून पाहिलं, दार झटकन लावून घेऊन पाहिलं. दार लावलं तेव्हा तर काही क्षण भोंगा वाजलाच नाही. इश्वर ओरडला, "खेच! खेच!" आणि हिरालालचं बोट बटणावर जायच्या आत दाराची कडी आपोआप नाही, चांगली हळूच, आवाज न करता, बाहेरून उचलली जावी तशी उचलली गेली. पत्रा दबला. कडी परत पडली.

त्यानंतर इश्वर बाहेर येऊन सोंड्याच्या पायाला टेकून बसला. भिंतीचं नवं अस्तर ओलं होतं, हात लावला की बोटं रुतत. वर आभाळाचा ताटाएवढा गोल. विहिरीत कुठंतरी पाणी ठिबकत होतं, आणि मधूनच ठिबकणं थांबे, जसं त्या जागी कोणी उभं राहावं आणि थेंब त्याच्यावर पडावा.

पिशवीबाहेर राहिलेला टॅब त्याच्या मांडीवर होता. तो उपडा होता. त्यानं तो उपडाच राहू दिला.

"भाऊ," हिरालाल म्हणाला, "काल ज्याले आवतन देलं, तोच लटकला असन. न्या ना मंग जेवाले!" आणि हसला. इश्वरला हसू आलं नाही. आवतण दिलं की पाहुण्याला सोबत घेऊन जायचं असतं. बैलही एकटा चालत दारात येत नाही, धनी त्याला कासऱ्याला धरून आणतो. हे लहान पोराला ठाऊक असतं.

६

"बायपास करतो," हिरालालनं सुचवलं. "तुमीच शिकवलं होतं ना, पिवळा वायर उपटला का काटा आंधळा होते. मंग दोन मान्सायचं वजन असो का चार. मोटर खेचन."

इश्वरच्या जिभेवर 'हो' आलं होतं. आयुष्यभर त्यानं हेच केलं होतं. जे यंत्र नको ते पाहतं, त्याच्या डोळ्यावर पट्टी.

तेवढ्यात वर त्याच्या पिशवीतला दुसरा फोन वाजला. हिरालालनं तो उचलून वॉकीला लावला. खरखरीतून टीनाचा आवाज आला.

"बाबा, कवा येता? बैल येऊन गेले. मी त्यायले थांबा म्हनलं, पन ते नाई थांबले. तांब्या तसाच भरून ठेवला. तुमचे पाय धुवीन आता."

"येतो गं."

"अन् आई विचारते, ताटं किती वाढू? तुमच्या संग कोनी येऊन राहिलं का?"

पाळण्याचा पत्रा किंचित वाजला. पाळणा रिकामा होता आणि इश्वर त्याच्यापासून चार हात लांब बसला होता.

"नाई," तो म्हणाला. "कोनी नाई. मी एकटा. ऐकलं का, टीना? एकच ताट."

फोन बंद झाला. इश्वरला डोळ्यांसमोर उंबरा दिसला, वाकलेली टीना दिसली, तांब्यातली धार दिसली. ती आधी त्याच्या पायावर पडली. मग पोरगी थोडी बाजूला सरकली, शेजारचे पाय धुवायला.

"हिरालाल, वायरले हात लावू नको."

"काहून?"

"नको म्हनलं ना!"

मग तो उठला. विहिरीच्या मधोमध उभा राहिला, हात जोडले, आणि थट्टेचा सगळा मुलामा उतरलेल्या आवाजात म्हणाला, "चुकलं माझं. मस्करीत बोललो. आवतन वापस घेतो."

वापस घेतो, विहीर म्हणाली. वापस घेतो.

त्यानं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. पुन्हा परत आलं. रागावून, विनवून, शिवी घालून, देवाचं नाव घेऊन. सगळं दोनदोनदा, जसंच्या तसं, त्याच्या पदरात परत. तो ओरडून दमला तेव्हा त्याला दिसलं की आभाळाचा गोल एका बाजूनं पिवळा पडत चालला आहे. मग त्यानं टॅब सुलटा केला. का केला, ते तोच जाणे.

ठिपक्यांत सोंड्या होता. भिंत होती. इश्वर होता. आणि इश्वरच्या आकाराला पाठीमागून, दोन आकारांमध्ये एक ठिपकाही न मावेल इतकं चिकटून, काहीतरी होतं. त्याची मान पुढे झुकलेली होती. खांद्यावरून वाकून, तेही टॅबच पाहत होतं.

७

"हिरालाल," इश्वर म्हणाला. आवाज फाटला होता. "तुझ्या घरी आज जेवाले काय हाये गा?"

त्यानं मुद्दाम विचारलं असं कोणी म्हणू नये. माणसाचा आवाज ऐकावा, वड्यांबिड्यांच्या गोष्टी कराव्या, एवढंच असेल. इश्वर स्वतः तरी असंच सांगतो.

"काय नाई, ते विचारा!" हिरालाल खुलला. दुपारभर वर एकट्यानं बसून त्यालाही कंटाळा आला होता. "वडे हायेत, पुरनपोळी हाये, कढी हाये. माय पहाटपासून चुलीपाशी बसली हाये. बायको रिता म्हनते, एवढं कोन खाईन? माय म्हनते, पोळ्याले दारातून कोनी उपाशी जाऊ नये, बस. आमच्या आनंदाबाईचा कायदाच हाये तो."

इश्वरनं वॉकी कानाशी नेला आणि बोलायच्या बटणावरचं बोट काढून घेतलं.

"तुमी असं करा, भाऊ. तुमसर दूर हाये, पोटात कावळे ओरडत असन. पाळन्याचं पाहू काई तरी. आज आमच्याच घरी या जेवाले." हिरालाल हसला, आणि कालच्या इश्वरसारखाच पाटलाचा आवाज काढून म्हणाला, "अन् तुमच्या संग जो कोनी असन, त्याले बी माझं आवतन हाये!"

वॉकीतून ते शब्द मोठ्यानं खणखणले. भिंतीपर्यंत गेले. इश्वर कान देऊन उभा राहिला.

ते परत आले नाहीत.

पाठीवरचा शर्ट, जो दिवसभर घामानं चिकटून होता असं त्याला वाटत होतं, तो सुटला. त्यानं बूट, मोबाइल, टॅब उचलले. तो पाळण्यात चढला. पत्रा दबला. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"खेच," इश्वर कुजबुजला.

पाळणा निघाला. खाली सोंड्याचा दिवा हिरव्याचा लाल झाला.

८

वर ऊन होतं, वारा होता, गुलालानं माखलेला हिरालाल होता. कुंपणापलीकडे त्याच्या दोन पोरी दारात तोरण बांधत होत्या आणि एकमेकींवर खेकसत होत्या.

"चला, हात धुवा."

"नाई गा. पोरगी उपाशी बसली हाये."

"बाप्पा, आवतन घेऊन नाई म्हनता?"

"फिरून येईन कधी." इश्वरनं पिशवी गाडीला बांधली. गाठ नीट बसेना. "हिरालाल, मेन बंद कर अन् घरी जाय. आता पाळना खाली सोडू नको."

"आता सोडला ना मी. वर टांगून ठेवला त नदीच्या वाऱ्यानं भिंतीले धडकते, वीरेंद्र साहेब बोंबलते." हिरालाल मोटरीकडे वळला. "मेन बंद कराले चाललो."

इश्वरनं विहिरीच्या काठावरून खाली पाहिलं. पाळणा तळाला टेकला होता. दोर सैल पडला होता, त्याला एक लांब झोळ आलेला.

तो पाहत असतानाच झोळ वर चढू लागला. सावकाश, अदबीनं. दोर सरळ झाला आणि ताठला.

काहीतरी सांगायला हवं होतं. दोन शब्द पुरले असते. इश्वरच्या तोंडात ते तयार होते, आणि त्यांच्या मागं दुसराही एक विचार तयार होता: इथं दार बंद झालं, तर ज्यानं पहिलं आवतण दिलं त्याचं घर तुमसरात आहे.

"अरे!" हिरालाल काट्यापाशी वाकला. "इश्वरभाऊ, वजन दाखवून राहिला हा. मान्सायेवढं. तुमचं काई राहिलं का गा खाली?"

दारात आनंदाबाई आली होती. डोळ्यांवर हात धरून पाहुणा कुठं दिसतो का ते पाहत होती.

इश्वरनं गाडीचं हेल्मेट घातलं.

"हो," तो म्हणाला. "राहिलं. घे वर."

आधी मोटर सुरू झाली की त्याची गाडी, हे त्याला आता सांगता येत नाही.